झीज आणि पाळी : साथीच्या काळातील स्वयंसेवकाच्या शिणाचा एक तौलनिक विचार

मराठीत सेवेचा गौरव करावयाचा झाला की लेखणीच्या टोकाशी पहिल्याने येणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘चंदनासारखे झिजणे’. मृत्युलेखांत, गौरवग्रंथांच्या प्रस्तावनांत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील भाषणांत तो इतका रुळला आहे की त्यातील मूळ प्रतिमेकडे कोणाचे लक्षही जात नाही. सहाणेवर उगाळले जाणारे खोड प्रत्येक वेळी थोडे थोडे कमी होते. झिजलेले चंदन भरून येत नाही, आणि ते भरून यावे अशी उगाळणाऱ्याची अपेक्षाही नसते. स्वतः जळून दुसऱ्यास प्रकाश देणारी मेणबत्ती ही याच प्रतिमेची अलीकडची धाकटी बहीण होय. इंग्रजीत ‘बर्नआउट’ हा जो शब्द गेल्या अर्धशतकात रूढ झाला, त्याच्या मुळाशीही हेच चित्र आहे : जळणे, आणि जळून संपणे. फरक एवढाच की तेथे तो शब्द रोगनिदानाच्या अंगाने येतो आणि मराठीत तीच अवस्था स्तुतीच्या अंगाने येते. एका भाषेतील व्याधी ही दुसऱ्या भाषेतील थोरवी ठरावी, ही गोष्ट केवळ शब्दकोशाची नव्हे. साथीच्या काळात जे स्त्रीपुरुष पुढे होऊन रोग्यांच्या दारात उभे राहतात, त्यांचा शीण समाजाला दिसतो की नाही, हे पुष्कळ अंशी या भेदावर अवलंबून असते.

‘बर्नआउट’ या संज्ञेचा उगम कचेरीतील नोकरवर्गाच्या अभ्यासात झाला, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ज्या लेखातून ही संज्ञा मांडली, तो लेख न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्याच्या अनुभवावर आधारलेला होता, आणि त्या दवाखान्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालत असे. फ्रॉइडेनबर्गर स्वतः दिवसभर आपला व्यवसाय सांभाळून रात्री तेथे जाई. काही महिन्यांतच उत्साहाने आलेली माणसे चिडखोर होतात, रोग्यांविषयी तुच्छतेने बोलू लागतात, आणि काम कमी होत असतानाही दवाखान्यात अधिकाधिक वेळ काढतात, असे त्याच्या ध्यानात आले. त्याचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण असे की हा विकार आळशाला अथवा उदासीनाला जडत नाही. ज्याची निष्ठा अधिक, तोच त्याला प्रथम बळी पडतो. उपाय म्हणून त्याने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या : कामाचे तास मर्यादित ठेवणे, कामे आलटून पालटून देणे, काही काळ कामापासून पूर्ण दूर राहण्याची मुभा देणे, आणि सहकाऱ्यांची सोबत. त्यांत मनोबल वाढविण्याचा उपदेश जवळजवळ नाही, ही बाब लक्षणीय आहे.

पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी या अवस्थेचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली व तिची तीन अंगे मानली. शास्त्रीय परिभाषेचा सोस बाजूला ठेवला, तर या तिन्हींसाठी मराठीत शब्द शोधत फिरावे लागत नाही. पहिले अंग म्हणजे मनाचा गळाठा. दुसरे म्हणजे निबरपणा. समोरचा माणूस माणूस न वाटता नुसती संख्या वाटू लागणे. आणि तिसरे म्हणजे आपल्या हातून काही होत नाही, ही भावना. यांपैकी निबरपणा हा स्वयंसेवकाच्या वाट्याला येणारा सर्वांत लाजिरवाणा भाग होय, कारण गळाठलेल्या माणसाची कीव तरी केली जाते. निबर झालेल्याची निंदाच होते. जो निबर झाला तो बहुधा आधी अतिशय हळवा होता, हे मात्र कोणी विचारात घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ला स्थान मिळाले. परंतु तेथे त्याला रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले आहे, आणि व्यवसायाबाहेरच्या जीवनातील अनुभवांसाठी ही संज्ञा वापरू नये, असेही बजावले आहे. यातून एक विचित्र पेच निर्माण होतो. जी संज्ञा स्वयंसेवकांच्या निरीक्षणातून जन्मली, तिच्या अधिकृत व्याख्येच्या उंबरठ्यावर स्वयंसेवकच अडखळतो. ज्याचे काम ‘नोकरी’ नव्हे, त्याचा थकवा कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

हा पेच ज्या ठिकाणी उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, असे एक शहर म्हणजे भिलाई. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा जो छत्तीसगड हा पूर्वभाग, त्यातील दुर्गच्या शेजारी हे शहर वसले, ते भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीचा स्वभाव असा की ती एकदा पेटली म्हणजे वर्षानुवर्षे विझवावयाची नसते. रात्र, सण, पाऊस यांपैकी काहीही तिला थांबवू शकत नाही. अग्नी अखंड हवा, आणि माणूस तर अखंड जागू शकत नाही, या अडचणीचे उत्तर म्हणजे पाळी. भिलाईतील घराघरांचे जेवणखाण, मुलांच्या शाळा, लग्नाचे मुहूर्तसुद्धा तीन पाळ्यांच्या हिशेबाने चालत आले आहेत. पुढच्या पाळीचा माणूस येऊन जागा घेईपर्यंत आधीच्याने हलावयाचे नाही. आणि तो आला की मात्र मागे वळून न पाहता घरी जावयाचे. भट्टीसमोर आठ तास उभा राहिलेला कामगार घरी जातो तेव्हा त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. आगीशी झुंजण्याचा त्याचा चिवटपणा त्याच्या अंगच्या पोलादात नसतो; तो पाळीच्या तक्त्यात असतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये याच शहरावर दुसऱ्या तऱ्हेची अखंड आग येऊन पडली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रायपूर आणि दुर्ग हे छत्तीसगडातील सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी होते. दुर्ग जिल्ह्यात ६ एप्रिलपासूनच टाळेबंदी लागू झाली. पोलाद कारखान्यात तयार होणारा द्रवरूप प्राणवायू रुग्णालयांकडे वळविण्यात आला आणि राज्याबाहेरही गेला. कारखान्याचे सेक्टर ९ मधील रुग्णालय आणि कचांदूर येथे उभारलेले उपचार केंद्र ही नावे त्या दिवसांत प्रत्येक घरात घेतली जात. देशातील इतर शहरांप्रमाणे येथेही डबे पोहोचविणारे, सिलिंडरसाठी धावणारे, आप्तांनीही पाठ फिरविलेल्या प्रेतांना अग्नी देणारे तरुण पुढे आले. त्यांची नोंद कोठेही पद्धतशीर झालेली नाही. मात्र ज्यांची नोंद होती, आणि तरीही ज्या नोकर नव्हत्या, अशांचा एक मोठा वर्ग त्या वेळी वस्त्यावस्त्यांतून फिरत होता. तो म्हणजे मितानिनींचा.

‘मितान’ ही छत्तीसगडी संस्कृतीतील एक सुंदर संस्था आहे. दोन मुले किंवा दोन मुली विधिपूर्वक मैत्र जोडतात. त्या बंधाला महाप्रसाद, गंगाजल, भोजली, जँवारा, तुलसीदल अशी नावे असतात, आणि असे मैत्र जोडलेली माणसे एकमेकांना नावाने हाक न मारता त्या बंधाच्या नावाने हाक मारतात. जातीची वेस ओलांडूनही हे नाते जुळते आणि दोन्ही घरे त्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधली जातात. राज्यनिर्मितीनंतर दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, गावोगावच्या स्त्रियांतून आरोग्यसेविका तयार करण्याची योजना सुरू झाली तेव्हा तिला ‘मितानिन’ हे नाव देण्यात आले. पुढे २००५ मध्ये देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला हाच नमुना उपयोगी पडला. नाव निवडणाऱ्यांच्या भाषिक जाणिवेला दाद द्यावीच लागेल. परंतु मितानपण हे दुतर्फी नाते आहे. मितानाच्या घरी दुःख झाले तर आपण जातो, आणि आपल्या घरी झाले तर मितान येतो. सेवा एकतर्फी असते. योजनेने शब्द मैत्रीचा घेतला, आणि व्यवहार सेवेचा ठेवला, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल. अगदीच चूक मात्र ठरणार नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मितानिनीला कसलेही वेतन नव्हते. नंतर कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळू लागली, आणि २०२३-२४ च्या राज्य अर्थसंकल्पात तिला त्याशिवाय दरमहा २२०० रुपये मानधन देण्याची घोषणा झाली. ‘मानधन’ हाही विचार करावयास लावणारा शब्द आहे. वेतनावर हक्क सांगता येतो. मानधनावर हक्क सांगणारा माणूस मान गमावतो की काय, अशी शंका त्या शब्दातच पेरलेली असते. महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांनी जून २०२१ मध्ये संप केला तेव्हा ऐन साथीत सेवा थांबवावी काय, असा जो प्रश्न विचारला गेला, त्यामागे हीच धारणा होती.

तापाची पाहणी, घरी उपचार घेणाऱ्यांपर्यंत औषधांची पाकिटे पोहोचविणे, लोकांना तपासणीसाठी राजी करणे ही मितानिनीची त्या वेळची कामे. ती ज्या गल्लीत काम करते त्याच गल्लीत राहते. डॉक्टर रुग्णालयातून घरी जातो. हिचे घर हेच हिचे कामाचे ठिकाण, आणि रात्री दोन वाजता वाजणारी कडी हिच्याच दाराची असते. ज्यांना तिने ‘काही होणार नाही’ असा धीर दिला, त्यांच्यापैकी कोणी गेले तर त्या घरावरून तिला रोज जावे लागते. २०१८ च्या पावसाळ्यात खुर्सीपार आदी भागांत डेंग्यूची साथ पसरली होती. म्हणजे भिलाईतील पुष्कळ वस्त्यांना तीन वर्षांत हा दुसरा तडाखा होता. पाळीच्या शहरात पाळी नसलेली हीच काय ती एक कामकरी स्त्री, असे म्हणावयास हरकत नाही.

तिच्या या अवस्थेला भाषा का मिळाली नाही, याचा शोध घेऊ लागले असता साहित्याकडे आणि लोकस्मृतीकडे वळणे भाग पडते. १८९७ च्या पुण्यातील प्लेगची मराठी आठवण मुख्यतः रँडच्या जुलमाभोवती आणि त्याच्या वधाभोवती घोटाळते. शुश्रूषेचा इतिहास त्या मानाने मागे पडला आहे. त्यातील सर्वांत उज्ज्वल पान अर्थातच सावित्रीबाई फुले यांचे. डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, आणि स्वतः प्लेगने ग्रस्त होऊन १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ही कथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण ती सांगितली जाते कशी, हे पाहण्यासारखे आहे. मूल पाठीवर घेणे आणि मृत्यू, हे दोनच क्षण तीत उरले आहेत. त्याआधीचे दिवस, त्या दिवसांतील झोप, भूक, वैताग, कोणी हातभार लावला आणि कोणी नाही, हे सारे गळून गेले आहे. सावित्रीबाईंच्या थोरवीत याने काडीचाही उणेपणा येत नाही. उणेपणा सांगणाऱ्यांचा आहे. कारण अशा कथनातून ऐकणाऱ्याच्या मनावर नकळत असे ठसते की सेवेतून सुटण्याचा सन्माननीय मार्ग एकच, आणि तो म्हणजे मरण. जो थकला आणि थांबला, त्याच्यासाठी या परंपरेत गोष्टच नाही.

राजिंदर सिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ या उर्दू कथेत हा प्रश्न फार निराळ्या रीतीने हाताळला आहे. प्लेगच्या विलगीकरण केंद्रावरचा एक डॉक्टर कथा सांगतो. तिचा खरा विषय मात्र भागू नावाचा सफाई कामगार आहे. पहाटेच्या अंधारात उठावे, थोडी दारू प्यावी, गल्ल्यांतून व गटारांतून चुना टाकावा, प्रेते उचलावीत, घाबरून घरात बसलेल्यांची बाजारातील कामेही करून द्यावीत, असा त्याचा क्रम. डॉक्टर भीतीपोटी रोग्यांपासून अंतर राखतो, आणि भागू त्यांच्या अगदी जवळ जातो. पुढे भागूची बायकोच प्लेगने दगावते. साथ ओसरल्यावर सत्कार होतो तो डॉक्टरचा. हारतुरे, थैली, बढती सर्व त्याला मिळते, आणि त्याचे अभिनंदन करावयास येतो भागू. समीक्षकांनी या कथेकडे बहुधा सामाजिक विषमतेची कथा म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि पहाटेच्या त्या दारूकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प्लेगवरचा तो प्रतिबंधक उपाय, अशी भागूची समजूत असते. वाचकाला मात्र त्यात आणखी काही दिसल्यावाचून राहत नाही : शुद्धीवर राहून रोज करता येईल असे ते कामच नव्हते. कथेतील डॉक्टरला भागूचे धैर्य दिसते. त्या धैर्याची रोजची किंमत त्याला दिसत नाही, आणि अखेरीस त्याला जी लाज वाटते ती याच आंधळेपणाची असावी.

बेदींनी जे सूचित केले, ते आल्बेर काम्यूने १९४७ च्या आपल्या ‘प्लेग’ या कादंबरीत उघडपणे मांडले आहे. ओरान शहरात तारू नावाचा पाहुणा स्वयंसेवकांची आरोग्यपथके उभी करतो. कथानक निम्म्याच्या पुढे गेल्यावर, कादंबरीच्या चौथ्या भागाच्या आरंभी, काम्यू काही पाने केवळ या माणसांच्या थकव्याला देतो, आणि साथीच्या साहित्यात या पानांना तोड नाही. पथकातील माणसांना साथीच्या बातम्यांतही रस उरत नाही. निर्जंतुकीकरणाचे जे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते, ते पाळण्याइतकेही बळ त्यांच्यात राहत नाही. रोग्याच्या घरी जाण्यापूर्वी टोचून घेण्यासाठी वाकडी वाट करणे त्यांच्या जिवावर येते. म्हणजे थकवा हा केवळ मनाचा विषय राहत नाही, तो संसर्गाचे दार उघडतो. डॉक्टर रियू रोग्यांच्या नातलगांसमोर कोरडा होत जातो, आणि हा कोरडेपणाच त्याला उभा ठेवतो, हेही काम्यू लपवीत नाही. मॅस्लॅकने पुढे प्रश्नावलीत बसविलेला निबरपणा येथे चौतीस वर्षे आधी, आणि अधिक दयाबुद्धीने, चितारलेला आहे.

त्याच कादंबरीत ग्राँ नावाचा एक सामान्य कारकून आहे. कथा सांगणाऱ्याला जर कोणाला नायक म्हणावयाचेच झाले, तर तो या ग्राँचे नाव पुढे करतो. ग्राँ काय करतो? संध्याकाळी सहा ते आठ एवढा वेळ तो पथकाच्या नोंदी ठेवतो. त्याला झिजून जावयाचे नाही. घरी त्याची स्वतःची, कधीच पुरी न होणारी, कादंबरी वाट पाहत असते. सेवेला घड्याळ लावणारा माणूस नायक ठरावा, ही कल्पना मराठी मनाला प्रथमदर्शनी थोडी खुपते. ती का खुपते, याचे उत्तर आरंभीच्या चंदनात आहे.

मराठी परंपरेत केवळ झीजच आहे, असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. ‘श्रमपरिहार’ हा शब्द घ्या. लग्नकार्य उरकले, गणेशोत्सव पार पडला, संमेलन संपले की राबलेल्या माणसांना एकत्र बसवून जेवू घालण्याची, गप्पांत त्यांचा शीण उतरविण्याची ही रीत. तीत भाषण नसते, मानपत्र नसते. वाढणारे त्या दिवशी बदललेले असतात, हेच तिचे मर्म. जो इतके दिवस वाढत होता तो आज पंगतीत बसतो. श्रम हे परिहार करण्याजोगे असतात, त्यांची भरपाई इतरांनी करावयाची असते, हा विचार या शब्दात आहे. सत्कारात तो नाही. सत्कारात एकाला उंच बसवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच कामावर परत पाठवतात. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळच्या टाळ्या आणि थाळ्या, किंवा २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांना दिलेला सन्मान, ही दोन्ही सत्काराची रूपे होत. ती निरर्थक नव्हती. श्रमपरिहार मात्र ती नव्हती.

मानसशास्त्रातही अलीकडे कल याच दिशेला झुकला आहे. अ‍ॅन मास्टेन यांनी २००१ मध्ये, प्रतिकूलतेत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासावरून, असे मांडले की संकटातून सावरण्याची शक्ती ही काही असामान्य देणगी नव्हे. घर, शेजार, एखादे जिव्हाळ्याचे माणूस अशा नित्याच्या आधारांतून ती घडते, आणि ते आधार तुटले की तीही खचते. मुलांविषयीचा हा निष्कर्ष प्रौढ स्वयंसेवकांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भिलाईपासून फार दूर नसलेल्या दल्ली-राजहरा येथील अनुभव त्याच्याशी जुळतो.

दल्ली-राजहरा म्हणजे भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणारे खाणगाव. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाण कामगारांच्या संघटनेने तेथे २६ जानेवारी १९८२ रोजी एक लहान दवाखाना सुरू केला, आणि ३ जून १९८३ रोजी, १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ, शहीद रुग्णालय उभे राहिले. इमारत कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून झाली. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे आले. पण या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत ते खाणीतील कामगारांतूनच तयार झालेले आरोग्य-स्वयंसेवक. दिवसा खाणीत दगड फोडावयाचा आणि काम सुटल्यावर दवाखान्यात मलमपट्टी करावयाची, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे वस्तीत जाऊन शिकवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. दोन कामांचा हा बोजा लहान नव्हे. तथापि त्यांच्या बाजूने काही गोष्टी होत्या. पोटासाठी खाणीची मजुरी होती, म्हणून सेवेचे मोल मागण्याचा संकोच नव्हता. पाठीशी संघटना होती. रुग्णालयाच्या कारभारात त्यांचा आवाज होता. आणि ज्याची जखम आज बांधली तो उद्या खाणीत शेजारी काम करणार होता, म्हणजे नाते एकतर्फी नव्हते. ‘मितान’ हा शब्द तेथे कोणी योजनेच्या फलकावर लिहिला नव्हता, परंतु त्याचा मूळ अर्थ तेथे नांदत होता.

भिलाईच्या मितानिनीपाशी यांपैकी फारच थोडे होते. दुसरी लाट मे २०२१ मध्ये ओसरू लागली, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले होते, आणि लस घेण्यास कचरणाऱ्यांना समजावण्यासाठी दारोदार जाण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच आले. ज्या घरांत नुकतेच कोणी दगावले होते, त्या घरांतही तिलाच जावयाचे होते. मधल्या काळात तिच्या जागी दुसरे कोणी आले नाही.